शेपटाचं चाक

पुष्पक विमानाचं शेपूट उचलायला दोन माणसं पुरतात. फक्त हात कुठं लावायचा ते ठाऊक हवं. शेपटाच्या आडव्या पंखांना धरून उचललं तर आतल्या फासळ्या दबतात. म्हणून कापडाखालून पोलादी नळी कुठून जाते ते तळहातानं चाचपायचं आणि तिथंच जोर लावायचा. त्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे द्यायचे आणि पंख दोरानं जमिनीला बांधायचे. बारामतीजवळच्या गोजुबावीच्या माळावर हे पंख बांधायचं काम विसरून चालत नाही. आषाढात ढग बारामतीवरून नुसते पळत जातात, पाऊस पुढं नेतात आणि वारा तेवढा आमच्यासाठी ठेवतात. आमच्या शेडला भिंती तीनच होत्या. आणि चारशे किलोच्या आसपासचं, कापड ताणलेलं विमान त्या वाऱ्याला काही जड नाही.

हे विमान उडणार नव्हतं. एका वैमानिकाच्या घरच्यांनी ते इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजला देऊन टाकलं होतं, मुलांना शिकायला. पंख सोडवून ट्रेलरवरून ते आधी बारामतीला आलं, कारण जोडणी करायला जागा आणि हत्यारं इथंच होती. मी तोवर नोकरीतून मोकळा झालो होतो. आयुष्यातली उमेदीची वर्षं विमानांखाली उताणा पडून काढलेली, त्यामुळं कॉलेजकडून निरोप आला तेव्हा मी पगाराचं विचारलं नाही, विमानाचं विचारलं. पुष्पक म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर हजर झालो.

पुष्पकशी माझं नातं घरातून आलेलं आहे. माझे वडील, अण्णा, वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर होते. ज्या वालचंद हिराचंदांनी आमच्या तालुक्यात साखर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं, त्यांनीच डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. पुढं दोनच वर्षांत, युद्धाच्या धामधुमीत, ती सरकारच्या ताब्यात गेली. पण तिथंच कोल्हापूरकडचे डॉक्टर विष्णु माधव घाटगे विमानांचे आराखडे करायला बसले. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्यांच्या मंडळींनी आधी एचटी-२ हे शिकाऊ विमान केलं, ते १९५१ मध्ये उडालं. मग पुष्पक केलं, ते १९५८ च्या सप्टेंबरात. पंख वर, दोन माणसं शेजारी-शेजारी, नव्वद अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या याच विमानावर हात बसवून गेल्या. वालचंदशेठ ते बघायला राहिले नव्हते, १९५३ मध्येच गेले. अण्णा मात्र 'आपल्या शेठजींच्या कंपनीचं विमान' असंच म्हणायचे, आणि मी पहिल्यांदा पुष्पकवर काम केलं त्या सुट्टीत त्यांनी मला पोरासारखं बसवून घेऊन त्याचा एकेक भाग विचारला होता.

शेपटाच्या चाकाशी आले तेव्हा म्हणाले, "म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची किंगपिनच की." बरोबर ओळखलं होतं.

आत्ताच्या मुलांना हे चाक नवं आहे. बारामतीत रोज डोक्यावरून जाणारी सेस्ना विमानं पुढच्या चाकावर उभी असतात. पुढं एक, मागं दोन. जुन्या विमानांचं उलटं: पुढं दोन मोठी चाकं आणि शेपटाखाली एक लहानसं. कॉलेजमधून मदतीला आलेल्या मुलांपैकी एकानं विचारलं, "काका, मग पद्धत का बदलली?" मी त्याला ऊसवाहतुकीचं विचारलं. त्याच्या घरी ट्रॅक्टर होता. भरलेली ट्रॉली पुढं ओढताना तिला सरळ ठेवावं लागत नाही, ती आपोआप मागं येते. तीच रिव्हर्समध्ये घ्या. वीतभर वाकडी झाली की तो कोन आपोआप कमी होत नाही, वाढतच जातो, आणि पाहता पाहता ट्रॉली ट्रॅक्टरला काटकोनात येते. शेपटाच्या चाकाच्या विमानात वजनाचा मध्य पुढच्या चाकांच्या मागं असतो. उतरल्यावर विमान धावत असतं पुढं, पण त्याचा स्वभाव रिव्हर्समधल्या ट्रॉलीचा असतो. शेपूट जरा बाजूला निघालं की त्याला तिकडंच जायचं असतं. वैमानिक पायानं रडर दाबून ते पुन्हा पुन्हा सरळ करत राहतो. वेग असेतो रडरला हवा मिळते. वेग उतरला की हवा संपते, आणि मग विमान सरळ ठेवायला हे शेपटाचं चाकच उरतं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे शेवटच्या शंभर मीटरला सगळं त्याच्यावर." मी शिकवलं असतं तर इतक्या थोडक्यात मला जमलं नसतं.

शेपूट उचलून तिकाटण्यावर ठेवलं, खाली गोधडीची घडी दिली. मग मी मुलांना काहीही न सोडवता नुसतं हातानं बघायला सांगितलं. चाक वर-खाली धरून हलवायचं. मग आडवं धरून हलवायचं. मग फिरवायचं. प्रत्येक वेळी डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की माणूस चाकाकडं बघत बसतो, हात काय सांगतो त्याकडं लक्ष जात नाही. वर-खाली हलवताना कट्-कट् असा बारीक ठोका लागत होता, तो चाकाच्या बेअरिंगचा. आडवं हलवताना ठोका नव्हता, पण सगळं जणू लोण्यात रोवल्यासारखं कलत होतं. तो किंगपिनच्या बुशचा प्ले. असा प्ले वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला असतो, म्हणून रोज हात लावणाऱ्याला तो कळत नाही. चार महिन्यांनी आलेल्या माणसाला लगेच कळतो.

फिरवताना मात्र चाक फार छान फिरत होतं. इतकं छान की माझ्या पोटात गोळा आला.

या चाकाची रचना अशी: ते रडरबरोबर थोडंसं डावीकडं-उजवीकडं वळतं. दोन बाजूंना दोन बारीक साखळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या रडरच्या हालचालीनं चाकाचा हात ओढतात. पण जागेवर विमान वळवायचं असेल तर चाक पुरतं फिरायला हवं. म्हणून आत एक खटका असतो. ठरावीक कोनापर्यंत तो चाकाला साखळ्यांशी जखडून ठेवतो. त्याच्या पलीकडं जोर आला की सुटतो आणि चाक मोकळं होतं. सरळ आलं की खटका पुन्हा खाचेत बसतो. बसतो तेव्हा आवाज येतो, हाताला एक स्पष्ट टिचकी लागते. आमच्या या चाकाला टिचकी लागत नव्हती. लोणी, नुसतं लोणी.

ती टिचकी न लागणं मी एकदा सोडून दिलेलं आहे.

१९९१ साल होतं. मी एका फ्लाइंग क्लबमध्ये होतो, तिशीही गाठलेली नव्हती. पुष्पकची नेमाची तपासणी चालली होती. शेपटाच्या चाकाला ग्रीस भरलं, फिरवलं, छान फिरलं. टिचकी मऊ वाटली होती. हे मला आजही नक्की आठवतं, कारण क्षणभर हात थांबला होता. पण खटका बघायचा तर सगळं उघडावं लागलं असतं, आणि दुपारी विमान द्यायचं होतं. नव्या ग्रीसमुळं मऊ लागत असेल, असं मनाशी म्हटलं आणि रजिस्टरमध्ये त्या ओळीसमोर 'तपासले' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी एक शिकाऊ मुलगा डावीकडून आडवा वारा असताना उतरला. उतरला चांगला. धावत येऊन वेग जवळजवळ संपला होता, आम्ही शेडमधून बघत होतो, आणि एकदम शेपूट बाजूला निघालं. त्यानं उलटा रडर दिला, तो दिसलाही. पण चाक साखळ्यांपासून सुटलेलं होतं, त्याला काही कळलंच नाही. विमान स्वतःभोवती फिरलं, पंखाचं टोक जमिनीला घासलं, एक पाय वाकून आत गेला. मुलाच्या कपाळाला तीन टाके पडले. एवढ्यावर निभावलं.

मी ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्या वस्तादांनी संध्याकाळी चाक उघडलं. खटका काढला, चिंधीनं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चिंचोक्याएवढा तुकडा. त्याची जी कड धारदार असायला हवी ती चिंचोक्यासारखीच गोल झाली होती. वस्ताद शांतपणे म्हणाले, "हा तू पाहिला होतास?"

मी "हो" म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. खटका डबीत ठेवला, हात धुतले, घरी गेले. मी रात्री नऊ वाजता त्यांच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं की पाहिला नव्हता. त्यांनी आत बोलावलं, वाढायला सांगितलं. जेवताना एकच वाक्य बोलले, की गोल झालेली कड पाहून कोणीही 'ठीक' लिहिलं नसतं, म्हणून त्यांना संध्याकाळीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सगळा प्रकार माझ्या नावानिशी लेखी वर दिला, आणि तो कागद पाठवण्याआधी मला वाचायला दिला. मला त्याची शिक्षा झाली, ती योग्य होती. त्या मुलानं पुढं उडणं सोडलं नाही, हे मला काही वर्षांनी कळलं. तोवरची वर्षं मी ते विचारायला धजलो नव्हतो.

हे मी गोजुबावीच्या शेडमध्ये चारही मुलांना सांगितलं. सांगायचं ठरवलेलं नव्हतं. पण त्यांच्यातली एक मुलगी डोळे मिटून चाक फिरवत होती आणि म्हणाली, "काका, हे किती स्मूद आहे!" मग गप्प राहता येईना.

उघडायला दीड दिवस लागला. चाक ज्या कमानदार पोलादी पाट्याच्या टोकाला बसवलेलं असतं, त्या पाट्याचा मुख्य बोल्ट गंजून जाम होता. अशा ठिकाणी छिन्नी-हातोडा घेणारा माणूस मी कामावरून घरी पाठवीन. गंज सोडवणारं तेल सोडायचं, रात्रभर थांबायचं, सकाळी पाना लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. आवळल्यानं गंजाची पकड मोडते. बोल्ट निघाला तेव्हा त्यावर लाल भुकटी चिकटलेली होती, आणि ज्या भागात तो बुशमध्ये बसतो तिथं अंगठ्याच्या नखाला अडेल एवढी पायरी पडली होती. किंगपिनचं बुश लंबगोल झालं होतं. खटक्याची कड गोल. त्यामागची स्प्रिंग बॉलपेनातल्या स्प्रिंगेहून फार मोठी नाही, ती दोन ठिकाणी गंजून कातरलेली. भरीव रबराचं चाक उन्हानं खापरासारखं तडकलेलं.

पाट्यांवर मी रंगाची परीक्षा घेतली. पाटा रॉकेलनं, मग द्रावकानं लखलखीत पुसायचा. लाल रंगाचा पातळ द्रव फवारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं; एखादी भेग असेल तर तो तिच्यात शिरतो. मग वरचा सगळा लाल पुसून टाकायचा आणि पांढरी पूड फवारायची. मुलं पाट्याभोवती उकिडवी बसली होती. पांढरं वाळलं. काही नाही. मी उठायला लागलो, तेवढ्यात बोल्टच्या भोकाच्या कडेला एक गुलाबी ठिपका आला. ठिपक्याची रेघ झाली. केसाएवढी रेघ, पण ती आमच्या डोळ्यांसमोर लांबत गेली आणि पाव इंचावर थांबली. कोणी बोललं नाही. पोलादातून रक्त आल्यासारखं दिसतं ते.

आता सुटे भाग. उडत्या विमानात काय घालायचं याला पर्याय नसतो: मान्यता असलेला भाग, त्याच्या कागदासकट. तो नसेल तर विमान उभं राहील. गावातल्या लेथवर कितीही सफाईदार बुश झालं तरी ते उडत्या विमानात जात नाही, कारण त्या धातूची जन्मकथा कोणालाच माहीत नसते. हे विमान जमिनीवरच राहणार होतं म्हणूनच मी गावाकडं वळलो. आणि वळण्याआधी दोन गोष्टी केल्या: विमानाच्या रजिस्टरमध्ये कोणते भाग मान्यता नसलेले आहेत ते एकेक करून लिहिलं, आणि वैमानिकाच्या समोर लाल अक्षरांत पाटी लावली, 'उड्डाणयोग्य नाही'. न जाणो, वीस वर्षांनी कोणाच्या मनात ते उडवायचं येईल. तेव्हा सांगायला मी नसेन.

बुश अण्णांच्या जुन्या सोबत्याच्या मुलानं करून दिलं, ब्राँझचं. त्याच्याकडं लेथ घरामागंच आहे. जुनी पिन आणि जुनं बुश दोन्ही दिलं तरी तो मापं घेईना. म्हणाला, झिजलेल्याची मापं घेऊन झिजलेलंच होणार, न झिजलेला भाग दाखवा. पिनेच्या डोक्याखाली, जिथं कधी घर्षण पोचलंच नव्हतं, तिथं दोन मिलिमीटरची पट्टी शाबूत होती. तेवढ्यावरून त्यानं मूळ माप काढलं. अण्णा असते तर खूश झाले असते. खटकाही त्यानंच घडवला, कानशीनं, एक अख्खी दुपार घालवून.

पाट्यासाठी इंदापूर गाठलं. पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रकांच्या कमानी करणारे बसतात, त्यांतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो. त्यांनी पाटा हातात घेऊन वजन पाहिलं. "कुठल्या गाडीचा?"

"विमानाचा."

ते हसले नाहीत. "वजन किती येतं?"

"चाळीसेक किलो."

"मग एवढा जाड कशाला?"

"वजनाचं काही नाही. आपटतं."

त्यांनी मान हलवली. "मग टणक नको. चिवट पाहिजे." टणक पाटा मोडतो, चिवट वाकून परत येतो, एवढं सगळं त्या दोन शब्दांत होतं. मी पुठ्ठ्यावर कमानीचा बाक कापून नेला होता, न वापरलेल्या पाट्याच्या जुन्या चित्रावरून मापं घेऊन. पोलाद लाल करून त्यांनी त्या बाकावर वळवलं, तेलात बुडवलं, मग पुन्हा मंद आचेवर धरलं. किती तापलं ते बाभळीची वाळकी काडी पाट्यावर घासून पाहत होते. ती कशी धुमसते यावर त्यांचा अंदाज. बरोबर आलेली मुलं मोबाइल खिशात ठेवून बघत होती. पाटा थंड व्हायला दोन तास लागले, तेवढ्यात त्यांनी आम्हांला उजनी धरण भरल्याच्या आणि न भरल्याच्या सालांची हकिगत सांगितली.

बाकावर माझा एवढा जीव का, तर तिथंच या चाकाची सगळी शिस्त असते. पाटा थकून सपाट झाला की त्याचं मागचं टोक वर येतं आणि किंगपिनचा माथा पुढं कलतो. तशा कललेल्या पिनेवर चाक थरथरायला लागतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं एखादं चाक वेड्यासारखं डावं-उजवं हलतं ना, तसंच; फक्त इथं तो थरकाप अख्ख्या सांगाड्यातून वैमानिकाच्या दातांपर्यंत जातो. म्हणून जोडणी झाल्यावर विमान जमिनीवर ठेवलं, दोन मुलांना आत बसवलं आणि गवंड्याचा ओळंबा किंगपिनशेजारी सोडला. जुन्या पाट्यावर माथा पुढं गेलेला होता. आता तो ओळंब्याच्या किंचित मागं होता. हवा होता तिथं.

जोडताना मुलांनीच हत्यारं चालवली. वॉशर, बुश, पिन, ग्रीस, स्प्रिंग, खटका. खटका बसला तेव्हा टिच्! असा आवाज आला आणि आम्ही पाचही जणांनी तो आळीपाळीनं पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. खाचांचं नट आवळून त्यातून स्प्लिट पिन घालायची असते. पिनेचं भोक आणि नटाची खाच जुळली नाही तर नट जरासं ढिलं करून जुळवायचा मोह होतो. तसं करायचं नाही. पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं, किंवा वॉशर बदलायचा. मग पिनेचा एक पाय बोल्टच्या टोकावर आणि दुसरा नटाच्या अंगावर वळवायचा. साखळ्यांना दोन्ही बाजूंना सारखा, थोडासाच सैलपणा.

शेडपासून ट्रेलरपर्यंत विमान ढकलत नेलं. शंभर-सव्वाशे पावलं असतील. माळावरची धूळ फरशीवर बसलेली होती आणि तिच्यात तीन रेघा उमटत गेल्या, बाहेरच्या दोन रुंद आणि मधली बारीक. मधली रेघ कुठंही थरथरलेली नव्हती. मी मागं राहून ती पुन्हा एकदा चालत पाहिली.

पंख सोडवून झाले, ट्रेलरवाला दोर आवळायला लागला. इंदापूरला अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून त्याची घाई चालली होती. रजिस्टर त्या मुलीकडं होतं. ती सगळ्या ओळी भरून माझ्याकडं सहीला घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "काका, स्प्लिट पिनच्या इथं मी 'तपासले' लिहिलंय. पण वळवली त्यानं. मी पाहिली नाही. मला वाटलं त्यानं केली म्हणजे नीटच असेल."

ट्रेलरवाल्याला दोर सोडायला सांगितला. तो कुरकुरला, पण सोडला. दोघांनी शेपूट उचललं, ती खाली वाकली, मोबाइलचा उजेड धरला, मग बोटानं चाचपून पाहिलं. पिन नीट वळलेली होती. तिनं तिथंच बसून त्या ओळीपुढं आपलं नाव लिहिलं, आणि मग आम्ही शेपूट खाली ठेवलं.